सात महिन्यांच्या बाळाच्या हिरड्यांना मध चोळावा का?

तुमची मुलगी सात महिन्यांची, दात येताहेत. सासूबाई म्हणतात हिरड्यांना मध चोळ, आणि तोंड आलं तर टाकणखाराची लाही मधातून लाव. मध नैसर्गिक, मग हरकत काय, असं तुम्ही विचारलंय.

हरकत आहे, ताई. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको, गुटीतूनही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. तान्ह्यांचा हा आजार १९७६ साली अमेरिकेत ओळखला गेला. आधी शी अडते, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, पापण्या मिटू लागतात, मान धरवत नाही. दुर्मिळ आहे, कबूल. पण घरी मध उकळून ती बीजं मरत नाहीत, आणि ओळखीच्या माणसाकडचा शुद्ध मध आणला म्हणून ती नसतात असंही नाही.

टाकणखार तर त्याहून नको. तो म्हणजे बोरॅक्स. चोखणीला बोरॅक्स आणि मध लावल्यामुळे बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी असते, डॉक्टर त्यावर थेंब देतात.

आता माझी चूक सांगते. आम्ही वर्षभर मध कटाक्षाने टाळला आणि पहिला वाढदिवस होताच रात्री चोखणी मधात बुडवून द्यायला लागलो. कल्पना माझीच, सासूबाईंची नव्हे! पोरगं गुपचूप झोपायचं. दीड वर्षाचा असताना एकदा वरचा ओठ उचलून पाहिला, तर पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. मला वाटलं दूध राहिलंय, फडक्याने पुसलं, जाईना. चार महिन्यांत तिथे तपकिरी खड्डे पडले. खालचे दात मात्र स्वच्छ, कारण त्यांच्यावर जीभ आणि लाळ असते. दातांच्या डॉक्टरांनी चांदीचं औषध लावलं. कीड थांबली, पण ते दात काळे झाले ते झालेच.

मधात जवळपास ८० टक्के साखरच असते. त्यात जंतू मारायचे गुण आहेत, खोटं नाही, पण रात्री लाळ कमी झाल्यावर दाताला चिकटून बसते ती साखर. वर्षानंतर खोकल्यासाठी अर्धा चमचा द्या, मात्र दात घासायच्या आधी.

हिरड्यांसाठी मलमलचं ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, किंवा स्वच्छ बोटाने चोळा. पहिला दात दिसला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा.

सासूबाईंना तुम्ही सांगू नका. पुढच्या लसीला त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आमच्याकडे असंच मिटलं.