जुन्या गाडीचा एसी गार करत नाही? लगेच गॅस भरू नको

भाऊ, गॅरेजवाला आधी गॅसच भरायला सांगंल, पण जरा थांब. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नसतो, तो बंद पाइपातच फिरतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटतोय. मी सलग दोन उन्हाळे नुसता गॅस भरत राहिलो आणि शेवटी निघालं काय तर एका जॉइंटची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, फाटलेली.

आधी घरीच बघ. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघड आणि बेल्टपासून हात लांब ठेव. कॉम्प्रेसर म्हणजे बेल्टवर चालणारा, गॅस दाबणारा पंप, त्याच्या तोंडाची प्लेट टक् करून फिरायला पाहिजे. फिरत नसंल तर फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) बघ, गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच तिला फिरू देत नाही.

जालना रोडला गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम हवा, असं होत असंल तर कंडेन्सरचा (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅस थंड करणारी जाळी) फॅन बघ, बहुतेक तोच बंद असतो. आपल्याकडच्या धुळीनं कंडेन्सरची जाळी पण लई बुजते, साध्या पाण्यानं हळू धू, जोराची धार मारली की पत्र्या वाकतात.

लिकेज शोधताना जॉइंटवर तेलकट डाग बघ, गॅससोबत तेलही बाहेर येतं. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करूनच, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल मशीननं ओढून काढूनच, गॅस भरून घे, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं.