सीएससीएस व्हायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. अमेरिकेतल्या एनएससीए (नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशन) या संस्थेची सीएससीएस, म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवणाऱ्या स्ट्रेंथ कोचची परीक्षा मला देता येईल का? (शिवाजी पेठ)

येईल, पण रेंगाळू नका. सध्या कुठल्याही शाखेची पदवी चालते. २०३० पासून व्यायामशास्त्राशी संबंधित, तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी लागणार आहे. सोबत सीपीआर-एईडीचं (बंद पडलेलं हृदय छाती दाबून आणि यंत्राच्या झटक्यानं सुरू करण्याच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र हवं, तेही पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवून मिळवलेलं. नुसत्या ऑनलाइन कोर्सचं चालत नाही.

प्रश्न : विज्ञानाचा भाग सुटला, प्रात्यक्षिकाचा गेला. पुस्तक तर पाठ होतं! (राजारामपुरी)

तिथंच घोडं अडलं. पहिल्या भागात दीड तासात ९५ प्रश्न, दुसऱ्यात अडीच तासांत १२५. दुसऱ्यात व्हिडिओ दाखवून चूक ओळखायला लावतात. स्क्वॉटमध्ये (खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकेत) गुडघे आत झुकले की टाचा उचलल्या, हे वाचून डोळ्याला दिसत नाही. जिममधल्या मित्राचे पाच रेप (आवृत्त्या) समोरून आणि पाच रेप कडेनं मोबाइलवर घ्या. आवाज बंद करून बघा आणि चूक एका वाक्यात लिहा.

स्पॉटिंगमध्येही, म्हणजे वजन उचलणाऱ्याला जवळ उभं राहून सांभाळण्यातही, गुण जातात. डंबेल चेहऱ्यावरून जात असेल तर सांभाळणाऱ्याचे हात उचलणाऱ्याच्या मनगटाशी, कोपराशी नव्हे. क्लीन आणि स्नॅचला (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत किंवा डोक्यावर नेण्याच्या प्रकारांना) स्पॉटर नसतोच. बार सोडून बाजूला कसं व्हायचं ते शिकवायचं. चाचण्यांचा क्रमही घोटवा : उंची-वजन, चपळता, कमाल ताकद, स्प्रिंट, स्नायूंचा दम, दमवणारी शटल (ये-जा धाव), शेवटी एरोबिक (लांब पल्ल्याच्या दमाची). पोरांना आधीच दमवलंत की पुढचे आकडे खोटे. फेरपरीक्षा ९० दिवसांनी.

प्रश्न : प्रमाणपत्र जन्माचं असतं का? (कसबा बावडा)

नाही. दर तीन वर्षांनी नूतनीकरण.

प्रश्न : आमचे पैलवान रोज हजार बैठका मारतात. बारबेल कशाला? (गंगावेस)

बैठकांनी दम वाढतो, पण वजन अंगाचंच राहतं. शरीर सरावलं की कमाल ताकद तिथंच थांबते. ती वाढवायला कमाल वजनाच्या (एकदाच उचलता येईल इतक्या वजनाच्या) ८५ टक्के किंवा जास्त, सहापर्यंत रेप आणि दोन सेटच्या मध्ये दोन ते पाच मिनिटं विश्रांती लागते. ८० किलो आठ वेळा उचलणाऱ्याच्या कमाल वजनाचा अंदाज : ८० × (१ + ८/३०), म्हणजे सुमारे १०१ किलो. त्याला सुमारे ८६ किलोपासून धरा.

बिघडतं ते वेळापत्रकात. सकाळी लढतींचा सराव, हजार बैठका आणि संध्याकाळी जड स्क्वॉट असं केलंत तर दुसऱ्या दिवशी मातीत पाय उचलत नाहीत. कुस्ती मैदानांच्या हंगामात बारबेल आठवड्याला दोनच दिवस ठेवा. सेट कमी करा, वजन कमी करू नका. त्या दिवशीच्या बैठका किती कमी करायच्या ते वस्तादांना विचारून ठरवा. न विचारता कमी केल्यात तर तुमचा बारबेल तालमीबाहेर जाईल, आणि ते रास्तच होईल.