ठेव मोड, बाकी फेड

तुझं पत्र मिळालं. ‘आता महिन्याला थोडे पैसे उरतात, कुठं गुंतवू?’ एवढाच प्रश्न होता. पण जाता जाता तू लिहून गेलीस की क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे, ‘मिनिमम’, म्हणजे ठरलेली किमान रक्कम, मात्र वेळेवर भरते. मी तिथंच अडकलो.

मिनिमम वेळेवर भरलं की दंड टळतो, कर्ज टळत नाही. हिशोब करून बघ. १०० ची बाकी, महिन्याला ३ टक्के व्याज आणि किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून १०३ होतात, तू पाच-सव्वापाच भरतेस, उरतात जवळपास ९८. असं वर्षभर चाललं आणि मधे कार्डावर काही म्हणजे काही घेतलं नाहीस, तरी वर्षाअखेर ७७ शिल्लक. भरलेस किती? ५५. त्यातले ३२ नुसते व्याजात गेले. तुझ्या कार्डाचा दर वेगळा असेल. स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असतो, तो घालून हेच गणित पुन्हा कर. शिवाय जुनी बाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, हे कुणी आपणहून सांगत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तुझ्या वयाचा असताना दोन वर्षं मी असाच मिनिमम भरत होतो, आणि त्याच वेळी एका मुदत ठेवीची पावती कपाटात जपून ठेवली होती. ठेवीवर वर्षाला ७ टक्के येत होते, कार्डावर महिन्याला ३ जात होते. पण ठेव मोडायचं म्हटलं की पोटात कालवायचं. ठेव म्हणजे आपली कमाई, आणि कार्ड ही काय, तात्पुरती भानगड! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शेवटी मोडली. मुदतीआधी मोडल्याचा फटकाही बसला, तरी फायद्यातच राहिलो. तुझ्याकडे अशी एखादी ठेव असेल, तर तिच्याकडे एकदा याच नजरेनं बघ.

तेव्हा गुंतवणुकीची पहिली जागा म्हणजे तुझं कार्ड. वाचलेलं व्याज ही खात्रीची कमाई आहे, बाजार कोसळला तरी ती कमी होत नाही. शिक्षणाचं वगैरे स्वस्त दराचं कर्ज असेल तर त्याची एवढी घाई नको. क्रम दरावरून लावायचा, कोणतं कर्ज जास्त टोचतं यावरून नाही. फक्त एक कर, हाताशी महिनाभराचा खर्च ठेवून मग बाकीवर तुटून पड. नाहीतर दात दुखला की पुन्हा कार्डच काढशील. बाकी शून्य झाली की ती शिल्लक तीन ते सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढव. तिच्यावर व्याज किती मिळतं हे बघू नकोस, त्याच दिवशी हातात येते का एवढं बघ.

एक जुनी युक्ती लक्षात ठेव. ७२ ला व्याजदरानं भाग, की पैसे किती काळात दुप्पट होतात ते ढोबळमानानं कळतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ सालच्या ग्रंथातही ती सापडते. ८ टक्के असतील तर ९ वर्षं. महिना ३ टक्के असतील तर २४ महिने, म्हणजे तुझ्या कार्डाची बाकी काहीच न भरता दोन वर्षांत दुप्पट. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी, म्हणून सगळंच बचत खात्यात पाडून ठेवणंही बरोबर नाही.

मग शेअर बाजार. तिथं पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे घाल, आणि म्युच्युअल फंड निवडताना त्याचा वार्षिक खर्च आधी वाच. १०० वर ३० वर्षं ८ टक्के मिळाले तर हजाराच्या वर होतात; खर्चात फक्त १ टक्का गेला तर ७६१. म्हणूनच मला साधा, स्वस्त इंडेक्स फंड आवडतो, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा. जॉन बोगल यांनी १९७६ साली अमेरिकेत सामान्य गुंतवणूकदारांसाठी तो आणला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमवायचे होते, जमले जेमतेम १.१३ कोटी. लोकांनी खिल्ली उडवली. कंटाळवाणी गोष्ट विकणं अवघडच.

राहता राहिली तू पत्रात लिहिलेली मित्राची ‘सहा महिन्यांत दुप्पट’ योजना. ७२ भागिले ६, म्हणजे महिन्याला १२ टक्के, वर्षात चौपट. चार्ल्स पाँझी नावाच्या ठगानं १९२० साली बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के देऊ केले होते. नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना देत होता, काही महिन्यांतच सगळं कोसळलं. मित्राला तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव पुढे कर. तो मला ओळखत नाही, त्यामुळे वाईट मीच ठरेन.


कार्डाचं पुढचं स्टेटमेंट आलं की बाकीचा आकडा कळव.