क्लीनरची सीट रिकामी

(नाशिक-मुंबई आणि नाशिक-बेंगळुरू मार्गांवर सहाचाकीपासून ट्रेलरपर्यंत सगळं चालवलेले, आता निवृत्त झालेले एक ट्रकचालक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

कांदा भरून तयार असतो. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, गाडी आहे पण ड्रायव्हर नाही. आमच्या गावात बेकार पोरं ढीगभर आहेत. हे खरं की भाडं वाढवायची युक्ती?
– एक शेतकरी, निफाड तालुका

भाऊ, ऐन सीझनला युक्तीही असते. पण गाडी उभी राहिली म्हणून मालकाचा बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे तो उगाच गाडी उभी ठेवेल हे मला पटत नाही. ड्रायव्हर खरंच मिळत नाहीत.

आमच्या वेळी ड्रायव्हर गाडीतच घडायचा. आधी क्लीनर म्हणून चढायचं. काच पुसायची, टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्रीचे दोर आवळायचे, उस्ताद झोपला की मालावर लक्ष ठेवायचं. घाटात गाडी थांबली की चाकाखाली ओंडका लावायला उडी मारायची. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, "बस इकडे." असं चार-पाच वर्षं चालायचं. हाताला वजन कळायचं: भरलेली गाडी कशी ओढते, रिकामी कशी उडते.

डिझेल, टोल, टायर वाढत गेले, भाडं तितकं वाढलं नाही. मालकाने सगळ्यात आधी क्लीनर कमी केला, कारण कापता येण्यासारखा खर्च तोच होता. पगार वाचला, पण पुढचा ड्रायव्हर ज्या सीटवर तयार व्हायचा ती सीटच रिकामी झाली. मालकांना मी तेव्हाही हे बोललो होतो. आज जे चालवतात त्यांतले बरेच चाळिशी-पन्नाशीचे आहेत आणि त्यांच्या शेजारी कुणी बसलेलं नाही.

आणि पोरं का येत नाहीत? पैसे खेपेवर मिळतात. कारखान्याच्या गेटबाहेर माल उतरायची वाट बघत दीड-दोन दिवस गेले तर ते कुणाच्या हिशेबात नसतात. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तास काम सांगायचा. लांब पल्ल्याच्या गाडीवर तो पाळलेला मी पाहिला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत मे महिन्यात केबिन भाजतेच. तुमच्या गावचा पोरगा पुण्यात पार्सल पोचवतो आणि रात्री खोलीवर येऊन झोपतो. शिवाय लग्नाचं बघा. ट्रक ड्रायव्हर म्हटलं की मुलीचा बाप चहा संपायच्या आत उठतो.

मी दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने पुणे-मुंबई गाडी चालवते. ट्रक मधल्या, कधी उजव्या मार्गिकेत असतात आणि हॉर्न देऊनही हलत नाहीत. डावीकडून पुढे गेलं तर चालेल का?
– एक वाचक, बाणेर

नाही, ताई. ट्रकवाल्याचं चुकतंच, अवजड गाडीने डावी मार्गिका धरायची हा नियम आहे. तरीही डावीकडून जाऊ नका, कारण ट्रकची डावी बाजू म्हणजे त्याच क्लीनरची बाजू. पूर्वी तिथे एक माणूस खिडकीतून मान बाहेर काढून बसलेला असायचा. तो "थांब, खाली कार आहे" असं ओरडायचा. आता तिथे पाण्याचा कॅन आणि जेवणाची पिशवी असते. तुमची बुटकी कार डाव्या दाराखाली आली की उजवीकडे उंच बसलेल्या ड्रायव्हरला ती आरशात दिसेलच असं नाही. त्याला डावीकडे परतायचं असेल तर तो तुम्हाला न बघताच येईल.

उजव्या बाजूचा एक साधा हिशेब सांगतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागे राहा, एकदा डिपर द्या, वाट बघा. जागा मिळाली की बाजूला रेंगाळू नका, सरळ पुढे निघा. पुढे गेल्यावर लगेच त्याच्यासमोर घुसून ब्रेक लावू नका. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. भरलेल्या दहाचाकीचं वजन 28 टनांपर्यंत असतं, आणि एअर ब्रेकची हवा चाकांपर्यंत पोचायलाही क्षण लागतो. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी ती गाडी तुमच्या कारसारखी जागेवर थांबणार नाही.

इंडिकेटरवर विसंबू नका, हेही सांगतो. उजवा इंडिकेटर लावून कुणी "जा पुढे" म्हणतो, तर कुणी खरंच उजवीकडे वळतो. आमच्याच लोकांनी केलेला हा घोळ आहे.

उतारावर जास्त जपा. डिझेल वाचवायला काही जण न्यूट्रलमध्ये उतरतात. मग इंजिनची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी धरतच नाहीत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना हेच घडतं. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एकाच अपघातात चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. अशा उतारावर मागून ट्रक येत असेल तर त्याच्यापुढे चालत राहू नका, त्याला जाऊ द्या.

अपघातानंतर ट्रक ड्रायव्हर पळून का जातात? कायदा कडक केला की संप करतात!
– एक वाचक, ठाणे

मार खायच्या भीतीने. जमाव चूक कुणाची ते विचारत नाही, मोठी गाडी कुणाची तेवढंच बघतो. हे मी म्हणतो असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जखमीला मदत करायची सक्ती करतं, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर, अशी सूटही त्यातच लिहिलेली आहे.

जानेवारी 2024 चा संप भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) वरून झाला. निष्काळजीपणे कुणाचा जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम आहे. आधी कमाल दोन वर्षं होती. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, हे पोटकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं. पळून जाणं मी पोटात घालणार नाही. जखमीला रस्त्यावर टाकणं वाईटच. मी नव्या पोरांना सांगायचो, उभं राहवत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर हो, आणि जाताना रुग्णवाहिकेला फोन कर.

मुलगा अठरा वर्षांचा आहे, ट्रकच चालवायचा म्हणतो. काय करावं?
– एक पालक, संगमनेर

आडवे येऊ नका. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय 20 लागतं आणि त्याआधी हलक्या मोटारीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. आधी ते काढून द्या. मधल्या काळात गावात साधी मोटार चालवू द्या, मालाची गाडी वीस पूर्ण होईपर्यंत नको. मोठं लायसन्स आलं की पहिलं वर्षभर जुन्या ड्रायव्हरबरोबर जोडीने पाठवा. रोज थोडा पगार कमी मिळाला तरी चालेल. मालकाशी बोलायला तुम्ही स्वतः जा आणि दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या: गेटवर थांबल्याच्या दिवसांचा भत्ता किती, आणि पहिले सहा महिने रात्री एकटा पाठवणार नाही ना. यावर मालक हसला, तर दुसरा मालक बघा. सध्या ड्रायव्हरची गरज त्यांना आहे.