नदीतील मासळीची उणीव तलावातील मासे भरून काढू शकतात का?

आपण विचारले आहे की, मेकाँग आणि अॅमेझॉनसारख्या उष्ण प्रदेशातील नद्यांच्या काठची माणसे आजही मासळीवर इतकी अवलंबून का आहेत, आणि धरणांमुळे नदीतील मासे घटले तर तलावांत मासे पाळून ती उणीव भरून काढता येणार नाही का. मी इंदूरला प्राणिशास्त्र शिकवीत आलो आहे आणि नर्मदेतील मासे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. माझे उत्तर असे की, वजनाची उणीव तलाव बऱ्याच अंशी भरून काढतात. पोषणाची आणि हक्काची उणीव मात्र आपोआप भरून निघत नाही.

याचे मूळ पुरात आहे. पहिल्या पावसात ओढ्यांमधून वर येणारे चढणीचे मासे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेले असतात. कंबोडियात हीच गोष्ट साऱ्या देशाच्या जेवणाचा आधार आहे. तेथील तोन्ले साप हे सरोवर त्याच नावाच्या नदीने मेकाँगला जोडलेले आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की ही जोडनदी उलटी वाहू लागते, आणि उन्हाळ्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेले सरोवर १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते. भोवतीचे जंगल पाण्याखाली जाते, तेथे माशांच्या पिल्लांना अन्न आणि आसरा दोन्ही मिळतात, आणि पावसाळा संपून पाणी पुन्हा मेकाँगकडे वाहू लागले की वाढलेले मासे थव्यांनी नदीत उतरतात. ओळीने लावलेल्या मोठ्या पिशवीसारख्या जाळ्यांत हे बोटभर मासे पकडले जातात. त्या दिवसांत मासा इतका स्वस्त असतो की भातशेती करणारी कुटुंबे दुरून येतात, मासे घेतात, मीठ लावून आंबवतात आणि वर्षभर पुरेल एवढे ‘प्राहोक’ घालून ठेवतात. पूर्वी ही कुटुंबे तांदूळ देऊन मासे नेत असत. ज्या दिवशी ताजा मासा किंवा मांस परवडत नाही, त्या दिवशी भाताबरोबर हेच असते. म्हणून मी त्याला तोंडी लावणे म्हणत नाही, ते गरिबाचे मुख्य कालवण आहे.

येथे आकाराचा मुद्दा येतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान मासा डोके, डोळे, काटे यांसकट खाल्ला जातो. काट्यांतून कॅल्शियम मिळते. लोह आणि जस्तही मिळते. आणि काही जातींच्या डोळ्यांत व यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असते. बांगलादेशातील ‘मोला’ या लहान माशात ते रोहूसारख्या मोठ्या माशापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. शिवाय मोठ्या माशाचे तुकडे वाटताना घरातील बायकांच्या व लहान मुलांच्या वाट्याला काय येते, हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. लहान मासे एकत्र शिजतात आणि सर्वांना मिळतात. तरीही बांगलादेशात अनेक वर्षे तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, सोडण्यापूर्वी विष घालून असे मासे तण समजून मारून टाकण्याचा सल्ला दिला जात असे. वजन वाढले, पण सर्वाधिक पोषक मासा तळ्यातून गेला. या विषयावर बांगलादेशात व कंबोडियात दीर्घकाळ काम करणाऱ्या शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

धरणाचा परिणाम आपल्याजवळच पाहायचा तर नर्मदेतील महसीर घ्यावा. निमाडात याला ‘बाडस’ म्हणतात. वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि गोट्या-रेतीचा तळ याला अंडी घालण्यासाठी लागतो. एकापाठोपाठ एक जलाशय झाल्यावर ते पाणी संथ व खोल झाले, गाळ साचला, आणि एके काळी नदीतील पकडीचा मोठा भाग असलेला हा मासा दुर्मीळ झाला. मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा घोषित केले आहे. ज्या नदीचे पाणी जलूदहून उचलून आमच्या शहरात आणले जाते, तिच्या माशांबद्दल आम्हां इंदूरकरांना थोडी अधिक माहिती असावी, असे मला नेहमी वाटते.

अॅमेझॉनविषयी थोडक्यात सांगतो. तेथे पुरात बुडालेल्या जंगलात तांबाकी हा मासा झाडांची पडलेली फळे खाऊन पोसतो. म्हणजे काठचे रान तोडले तरी मासळी घटते. पिरारुकू हा प्रचंड मासा श्वासासाठी पृष्ठभागावर येतो, तेव्हा अनुभवी कोळी त्याची मोजणी करतात. ब्राझीलमधील मामिराउवा येथे १९९९ पासून ही मोजणी करून प्रौढ माशांपैकी फार तर ३० टक्के पकडण्याची परवानगी दिली जाते. सरोवरांची राखण गावकरी स्वतः करतात, आणि जवळजवळ संपलेला हा मासा तेथे पुन्हा वाढला आहे.

आता हक्काबद्दल. वाहत्या नदीत जाळे टाकणाऱ्या केवटाला किंवा कहाराला माशाचे बीज, म्हणजे पाळण्यासाठी सोडायची पिल्ले, विकत घ्यावे लागत नाही. जलाशयात मात्र बीज सोडले जाते, मासेमारीचा पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीचा हक्क, दिला जातो, आणि तो ठेकेदाराकडे गेला की मूळचा मच्छीमार स्वतःच्याच पाण्यावर मजूर होतो. नर्मदेच्या उपनदीवरील तवा जलाशयात १९९६ मध्ये विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाला पट्टा मिळाला होता. त्यांनी बीज सोडले, बंदीचा काळ पाळला आणि उत्पन्न वाढवले. पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे तो पट्टा टिकला नाही. तरीही हे काम मच्छीमार स्वतः करू शकतात, याविषयी मला शंका उरलेली नाही.

आपल्या परिसरात तळे असेल आणि तेथे मासे पाळण्याचा विचार असेल, तर रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर मोला किंवा स्थानिक लहान मासे राहू द्यावेत. बांगलादेशात आता हीच पद्धत रूढ होत आहे. मोला तळ्यातच अंडी घालतो, त्यामुळे त्याचे बीज दर वर्षी आणावे लागत नाही. तो थोडा थोडा वरचेवर काढून घरी शिजवता येतो आणि मोठे मासे हंगामाच्या शेवटी बाजारात विकता येतात.