जुनी गॅसबत्ती पुन्हा पेटवताना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जुनी चीजवस्तू खाली येते आणि पाठोपाठ तिच्याविषयीची पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. या वेळी बहुतेक पत्रे दिव्यांसंबंधी, म्हणजे हवा भरून पेटवायच्या गॅसबत्त्या आणि वातीचे कंदील यांविषयी आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आजोबांचा लग्नसराईत मांडव आणि बत्त्या भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. त्यांच्या सामानातील एक पितळी पेट्रोमॅक्स सापडली असून टाकीवर त्यांचे नाव ठोकलेले आहे. पंप मारला तर हवा भरत नाही. दट्ट्या जराही न अडता खालीवर होतो. ही बत्ती पुन्हा पेटेल का, आणि काम कोठून सुरू करावे? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बहुधा पेटेल. दट्ट्या सैल चालणे हे या बत्तीचे सर्वांत साधे दुखणे आहे. मात्र पंप दुरुस्त झाला म्हणून लगेच काडी लावू नये, कारण सुधारलेला पंप टाकीत दाब भरू लागतो आणि इतकी वर्षे झाकून राहिलेले बाकीचे दोष त्या दाबाखाली उघडे पडतात.

आधी बत्तीची रचना ध्यानात घ्यावी. हिच्यात वात नसते. पंपाने टाकीत दाबलेली हवा रॉकेलला उभ्या नळीतून वर ढकलते. मॅन्टलच्या, म्हणजे प्रकाश देणाऱ्या जाळीदार पिशवीच्या, धगीने तापलेल्या त्या नळीत रॉकेलची वाफ होते. ती वाफ निप्पलच्या बारीक छिद्रातून वेगाने निघताना आजूबाजूची हवा सोबत ओढून घेते आणि हे मिश्रण मॅन्टलमध्ये जळून त्याला पांढरेशुभ्र तापवते. म्हणजे टाकीने हवा धरून ठेवणे आणि निप्पलचे छिद्र मोकळे राहणे, या दोन गोष्टी साधल्या की उरलेले काम किरकोळ असते.

दट्ट्याच्या टोकाला चामड्याची छोटी वाटी असते. ती वाळून आक्रसली की तिच्या कडेने हवा निसटते. दट्ट्या बाहेर काढून ही वाटी रात्रभर शिवणयंत्राच्या तेलात भिजवावी आणि सकाळी तिची कड बोटांनी हलकेच बाहेर फुलवावी. चामडे तडकले असेल तरच नवीन घालावे. यानंतर पंपाच्या नळकांड्याच्या तळाशी असलेला एकेरी व्हॉल्व्ह तपासावा. त्यातील रबर कडक झाले असेल, तर हवा भरल्यावर दट्ट्या आपोआप वर येऊ लागतो आणि पंपात रॉकेल उतरते. हा व्हॉल्व्ह घट्ट बसलेला असतो व त्याची खाच सहज झिजते, म्हणून बरोबर मापाच्या पेचकसाशिवाय त्याला हात लावू नये.

टाकीत जुने रॉकेल सुकून त्याचा चिकट थर बसलेला असतो. थोडे ताजे रॉकेल आणि मूठभर धुतलेली बारीक खडी टाकीत घालून ती बराच वेळ हलवावी, रॉकेल ओतून द्यावे आणि निथळलेले रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. मग टाकी रिकामी असतानाच झाकण लावून, पंपाने हवा भरून ती पाण्याच्या बादलीत बुडवावी. बुडबुडे झाकणापाशी आले तर वॉशर बदलल्याने काम भागते. ते सांध्यातून किंवा पत्र्यातून आले तर डाख द्यावा लागेल, आणि ते काम जाणत्या तांबटाकडूनच करून घ्यावे. ही टाकी रॉकेलची आहे हे त्याला आवर्जून सांगावे, कारण आत वाफ उरलेल्या टाकीला आच लावणे जिवावर बेतू शकते.

पहिल्यांदा बत्ती पेटवाल ती अंगणात. टाकी तीन चतुर्थांशच भरावी, म्हणजे हवेला जागा राहते. नळी आधी तापवण्यासाठी तिच्या बुडाशी असलेल्या छोट्या वाटीतले स्पिरिट पूर्ण जळू द्यावे. थंडीच्या दिवसांत ते दोनदा जाळावे लागले तरी कंटाळा करू नये. नळी पुरेशी तापली नाही तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर येते आणि पिवळ्या ज्वाळांचा भडका उडतो. तसे झाल्यास घाबरून बत्ती उचलू नये; झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करावा, दाब उतरला की ज्वाळा बसतात. मॅन्टल पांढरे झाल्यावरच दाब दाखवणाऱ्या तबकडीवरील लाल रेषेपर्यंत हवा भरावी.

इंधन म्हणून स्वच्छ, बिनरंगी रॉकेल उत्तम. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या रॉकेलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असे. असे जुने रॉकेल घरात शिल्लक असेल तर ते दाट कापडातून गाळूनच वापरावे. पेट्रोल मात्र कोणत्याही प्रमाणात नको. ते साध्या हवामानातही वाफाळते आणि ही टाकी त्यासाठी बनवलेली नाही.

‘पेट्रोमॅक्स’ या नावातील मॅक्स म्हणजे बर्लिनच्या एरिश उंड ग्रेट्स या कंपनीचे माक्स ग्रेट्स. आपल्याकडे मात्र हवा भरायची कोणतीही बत्ती पेट्रोमॅक्सच म्हणवली गेली, त्यामुळे आपली बत्ती मूळ जर्मन आहे की तिची नक्कल, हे टाकीवरचे आणि झाकणावरचे ठसे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. माझ्या मते त्याने फारसा फरकही पडत नाही. बर्लिनच्या ठशाच्या बत्त्या जगभर सापडतील, आपल्या आजोबांचे नाव ठोकलेली ही एकच आहे. ते नाव घासून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली बत्ती बफिंग करून सोन्यासारखी चमकवावी, असे दुकानदार सांगतो. तसे करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करू नये. या बत्त्यांच्या पितळी टाकीवर बहुधा मुळात निकेलचा मुलामा असतो आणि त्या मूळच्या रुपेरी होत्या. बफिंगने मुलामा जातो, ठसे पुसट होतात, पत्रा पातळ होतो. मी स्वतः हौसेने घेतलेली पहिली बत्ती अशीच एका कारागिराकडून चकचकीत करून आणली होती; तिच्यावरचा कारखान्याचा ठसा आज भिंगातूनही वाचता येत नाही.

कोमट पाणी, साबण आणि मऊ कापड यांनी जेवढे निघेल तेवढे काढावे. मुलामा पूर्वीच उडालेला असेल आणि पितळ उघडे पडले असेल, तर चिंचेच्या कोळाने पुसून ते लगेच धुवावे व कोरडे करावे. पितळ चमकवणाऱ्या बाटलीबंद द्रवांपैकी ज्यांत अमोनिया असतो ते टाळावेत. यामागे आपल्याच देशातला एक जुना अनुभव आहे. ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असत, आणि पावसाच्या हंगामावरून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. त्याचे कारण पुढे उलगडले. पत्रा दाबून काडतूस घडवताना पितळात ताण उरतो, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया नेमका अशा ताणलेल्या पितळावर हल्ला करून त्यात केसासारख्या चिरा पाडतो. बत्तीची टाकीही पत्रा दाबूनच घडवलेली असते आणि तिच्यात आपण वर आणखी हवा भरतो.

प्रश्न : बत्तीच्या आत विजेचा दिवा बसवून ती दिवाणखान्यात टांगली तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : छिद्र न पाडता, मूळ भाग न कापता आणि काढलेले सुटे भाग डब्यात जपून ठेवून बसवता येत असेल तर हरकत नाही.

प्रश्न : मॅन्टल किरणोत्सारी असते असे ऐकले. घरात लहान मुले आहेत. बत्ती वापरणे बंद करावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जुन्या मॅन्टलबाबत हे खरे आहे, मात्र त्याचे प्रमाण आणि स्वरूप समजून घ्यावे. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1885 साली मॅन्टलचे पेटंट घेतले आणि 1891 च्या सुमारास त्यांना योग्य मिश्रण सापडले: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. सुती किंवा रेशमासारख्या कापडाची जाळी या धातूंच्या क्षारांत भिजवलेली असते. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जाते आणि ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा उरतो, तोच प्रकाश देतो. थोरियम सौम्य किरणोत्सारी आहे.

या थोरियमचा आपल्या किनाऱ्याशी जवळचा संबंध आहे. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमचे खनिज असल्याचे शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या ध्यानात आले आणि 1909 मध्ये तेथील किनाऱ्यावर त्याचे साठे सापडले. स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला आणि तेथील थोरियम नायट्रेट मॅन्टल बनवणाऱ्यांना मिळू लागले.

पेटलेल्या बत्तीपासून काही अंतरावर बसण्याने चिंता करावी असे काही होत नाही. धोका आहे तो राख श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात जाण्याचा. म्हणून नवे मॅन्टल उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून जाळावे, फुटलेल्या मॅन्टलची राख फुंकून न उडवता ओल्या कागदाने टिपून टाकावी, नंतर हात धुवावेत आणि हे काम मुलांकडे देऊ नये. अलीकडच्या अनेक मॅन्टलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम वापरलेले असते; वेष्टनावर तसा उल्लेख असल्यास तेच घ्यावे. एका गोष्टीचा धोका मात्र किरणोत्सारापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तिच्याविषयी एकाही पत्रात विचारणा नाही. बंद खोलीत किंवा तंबूत जळणारी बत्ती कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : घरात ‘प्रभाकर’ असे नाव असलेला वातीचा कंदील आहे. पत्र्यावर गंज आहे, काच शाबूत आहे. तो कसा जपावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा कंदील आपल्याच जिल्ह्यातला. 1916 साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर कराड स्थानकाजवळ काचकारखाना उभारला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव त्यामुळेच मिळाले आणि प्रभाकर कंदील तेथूनच घरोघर गेला. तेव्हा काचेवर नाव किंवा चिन्ह उमटवलेले असल्यास त्या काचेला कंदिलाच्या पत्र्यापेक्षा अधिक जपावे. पत्रा दुरुस्त होतो, तशी काच पुन्हा मिळणे कठीण असते. धुताना ती काढून घ्यावी आणि गरम काचेवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये.

काजळी गरम पाण्यातील धुण्याच्या सोड्याने सुटते. गंजावर थोडे तेल टाकून अगदी बारीक तारेच्या घासणीने हलक्या हाताने घासावे. आम्ल वापरू नये, कारण ते गंजाबरोबर उरलेली कल्हईही खाऊन टाकते. टाकीच्या तळाशी टाचणीएवढी छिद्रे पडली असतील तर मेण किंवा गोंद लावून कंदील पेटवण्याचा मोह टाळावा आणि तो शोभेसाठीच ठेवावा. टाकी शाबूत असेल तर नवी सुती वात घालून ती रॉकेलात पुरती भिजू द्यावी, टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित छाटावेत, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत.

प्रश्न : येथे एका घरासमोरच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला लाल रंगाचा कोलमन कंदील मिळाला. तळाशी 200ए हा क्रमांक आणि 6 व 62 असे आकडे आहेत. तो भारतात आणून सह्याद्रीतल्या ट्रेकला वापरायचा आहे. (एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : ते आकडे महिना आणि वर्ष दाखवतात, म्हणजे आपला कंदील जून 1962 मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथील कारखान्यातून बाहेर पडलेला असावा. हे एका मॅन्टलचे मॉडेल 1951 पासून तीनेक दशके बनत राहिले, त्यामुळे त्याचे सुटे भाग तेथे अजूनही सहज मिळतात आणि नव्याने छंद लागलेल्यासाठी याहून सोपा कंदील नाही. पंपाच्या चामड्याबद्दल बार्शीच्या वाचकांना लिहिले तेच आपल्यालाही लागू आहे. तेल सोडण्यासाठी कोलमनच्या पंपाच्या टोपीवर छोटे छिद्रच दिलेले असते. प्रकाश मंद किंवा थरथरता असेल तर प्रथम जनरेटर, म्हणजे मॅन्टलशेजारची उभी नळी, बदलून पाहावी. कंदिलाच्या माथ्यावरील टोपीच्या लाल मुलाम्याचे टवके उडाले असतील तर ते तसेच राहू द्यावेत.

इंधनाच्या बाबतीत मात्र हा कंदील पेट्रोमॅक्सच्या नेमका उलट आहे. त्यात तेथे ‘व्हाइट गॅस’ म्हणून विकले जाणारे, रंग व मिश्रणे नसलेले हलके पेट्रोलजन्य इंधन लागते; त्याला वेगळ्या स्पिरिटने तापवावे लागत नाही आणि रॉकेल त्यात नीट जळत नाही. हे इंधन भारतात दुकानात सहजासहजी मिळत नाही, आणि विमानातून नेण्याचा तर प्रश्नच नाही. रिकाम्या पण वास राहिलेल्या टाकीलाही विमानतळावर अडवले जाऊ शकते. म्हणून हा कंदील आपण तेथील जंगलातल्या तळांवरच पेटवावा, आणि सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी इथे आल्यावर एखादी रॉकेलची बत्ती शोधावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्यास सोबत एक बादली न्यावी. पाणी द्यायला चहावाला नाही म्हणत नाही, आणि विकणाऱ्यासमोरच टाकी बुडवून पाहता येते.