जिम्नीचे चार लाख नंतर, आधी पंधरा लाखांचा विमा बघू

प्रश्न : माझं वय ३६. पुण्यात नोकरी, हातात महिना १ लाख १० हजार येतात. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी ५ वर्षांची आहे. गृहकर्ज ३८ लाख शिल्लक (साडेआठ टक्के, हप्ता ३८ हजार), गाडीचं कर्ज ७ लाख (हप्ता १९ हजार). घरखर्च ३५ हजार. मारुती जिम्नी आहे. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा आणि कॅम्पिंगसाठी गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, पुढचा लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच आणि छतावरचा तंबू असं ४ लाखांचं कोटेशन आलंय. १३ टक्क्यांनी ३ वर्षांचं पर्सनल लोन घेऊ की ५ लाखांची एफडी मोडू? शनिवार-रविवारी लोकांना कॅम्पिंगला नेऊन हप्ता सुटेल असा अंदाज आहे. बाकी काळजी नाही. बँकेतून घेतलेली '१५० टक्के हमी उत्पन्न' पॉलिसी आहे, वर्षाला दीड लाख भरतो, ३ हप्ते झाले. तिच्यात १५ लाखांचा विमा आहे आणि गाडीच्या विम्यात आणखी १५ लाख.

उत्तर : कर्ज नको आणि एफडीही मोडू नका. चार लाखांवर तीन वर्षांचा हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास बसतो. तुमचे दोन हप्ते, घरखर्च आणि पॉलिसीचे महिना साडेबारा हजार वजा केले की हातात साडेपाच हजार उरतात. एफडी ही तुमची एकमेव राखीव रक्कम आहे आणि नोकरी गेली तर ती जेमतेम पाच महिने पुरेल. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं.

पत्र वाचताना मी थांबलो ते 'बाकी काळजी नाही' या शब्दांवर. उद्या तुम्ही नसाल तर घरी काय होईल, ते मांडून बघा. दोन्ही कर्जं मिळून ४५ लाख. घरखर्च वर्षाला ४ लाख २० हजार. गुंतवणुकीवरचा परतावा महागाईत जातो असं धरलं तर २५ वर्षांचे १ कोटी ५ लाख. म्हणजे दीड कोटी लागतील, आणि यात मुलीचं शिक्षण अजून धरलेलंच नाही. तुमच्याकडे आहेत १५ लाख. गाडीच्या विम्यातले दुसरे १५ लाख यात मिळवूच नका. तो मालक-चालकाचा अपघात विमा आहे, त्या गाडीशी संबंधित अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळतो. हृदयविकार, डेंग्यू, ऑफिसच्या जिन्यावरून पडणं यांपैकी कशालाही तो लागू नाही.

आता ते '१५० टक्के'. हा आकडा ज्याने सांगितला त्याने तुमची दिशाभूल केली, हे स्पष्ट लिहितो. तुमच्या पॉलिसीत दहा वर्षं दीड लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाअखेरपासून बारा वर्षं सव्वादोन लाख मिळायचे. सव्वादोन लाख म्हणजे एका हप्त्याच्या दीडपट. १५० टक्के आले ते इथून. एकूण १५ लाख भरून २७ लाख मिळतात, त्यालाही तेवीस वर्षं लागतात. हिशोब केला की वार्षिक परतावा पाच टक्क्यांच्याही खाली येतो, उत्पन्न पूर्ण करमुक्त धरूनही. म्हणजे तुम्ही बँकेकडून साडेआठ टक्क्यांनी घेता आणि विमा कंपनीला पाच टक्क्यांनी देता. हमी खरी आहे, पण ती इतक्या कमी परताव्याची आहे, हे विकताना कुणी सांगत नाही. (नवी पॉलिसी घेतलेल्या वाचकांसाठी : कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस पॉलिसी वाचण्यात घालवा.)

क्रम चुकवू नका. आधी दीड कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, वयाच्या साठीपर्यंतचा. तुम्ही निर्व्यसनी असाल तर वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजार पडतील. वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली, पत्नी आणि मुलीच्या नावे घ्या. मग त्या पैशावर कर्जदारांना हक्क सांगता येत नाही. अर्जात धोकादायक छंदांबद्दल विचारतात, तिथे ऑफ-रोडिंग लिहा. लपवलंत तर दाव्याच्या वेळी पत्नीला त्रास होईल. सोबत ५० लाखांचा वेगळा अपघात विमा घ्या. दगडधोंड्यांच्या वाटेवर जाणाऱ्याला मृत्यूपेक्षा अपंगत्वाची शक्यता जास्त धरावी लागते. साहसी खेळांच्या अपवादात तुमचं ड्रायव्हिंग येतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

टर्म पॉलिसी हातात आल्यावरच, त्याआधी नाही, जुन्या पॉलिसीचे दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती मिळतील आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर पुढे किती मिळतील. पेड-अपमध्ये उत्पन्न भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे तीन दशांशाच्या आसपास राहत असेल, तर उरलेल्या सात हप्त्यांवर तुम्हाला सव्वापाच टक्क्यांच्या जवळपास सुटतात. तेच पैसे गृहकर्जात भरले तर साडेआठ वाचतात. मी तरी पेड-अप करून थांबेन. दीड लाखांतून दोन्ही विम्यांचे तीसेक हजार गेले, तरी वर्षाला लाख-सव्वालाख उरतात. ते गृहकर्जात आणि मुलीच्या एसआयपीत घाला.

गाडीबद्दल. तुमची हौस मला पटते, कोटेशन पटत नाही. जिम्नीत लॅडर फ्रेम (शिडीसारखी मजबूत चौकट), लो-रेंजसह (कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरसह) फोर बाय फोर आणि २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कंपनीनेच दिलाय. कमी पडतात ते टायर. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर स्टेपनीसह पाच घेतले, तर चाळीस हजारांच्या आसपास जातील. त्यावर एअर कंप्रेसर, प्रेशर गेज, गाडी ओढायचा रिकव्हरी स्ट्रॅप, तो जोडायची शॅकल (लोखंडी कडी) आणि जमिनीवरचा साधा तंबू. हे सगळं साठ-सत्तर हजारांत बसतं आणि ते महिन्याच्या उरलेल्या साडेपाच हजारांतून वर्षभरात जमतं. एका गाडीने एकट्याने न जाणं हे विंचपेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

लोखंडी बंपरला माझा ठाम नकार आहे. क्रॅश गार्ड आणि बुल बार म्हणजे गाडीपुढे लावलेल्या अशाच लोखंडी संरक्षकांवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिलेत. धडकेत ते एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतात, समोर आलेल्या पादचाऱ्याला तर ते फारच घातक. लिफ्ट किटसारखे बदल मोटार वाहन कायद्याच्या, गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम ५२ च्या कक्षेत येतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम कडकपणे लावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा महाग पडेल ते विमा कंपनीने दाव्यावर आणि शोरूमने वॉरंटीवर वाद घालणं. छतावरचा तंबू घेण्याआधी मॅन्युअलमधली छताची वजनमर्यादा वाचा. आणि गाडी विकताना या चार लाखांतलं फारसं काही परत येत नाही.

कॅम्पिंगच्या कमाईचा विचार सोडून द्या. जिम्नी चार सीटची आहे. तुम्ही चालवणार, म्हणजे गिऱ्हाइकं तीन, आणि चौघांच्या सामानाला डिकी २०८ लिटरची. शिवाय पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणं परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही.

या आठवड्यात टर्म इन्शुरन्सच्या वैद्यकीय तपासणीची तारीख घ्या. टायरची खरेदी पॉलिसी हातात पडल्यावर करा.